आधी मान, मग पाऊल

गेल्या महिन्यात भाचीच्या मुलीच्या डोहाळजेवणाला जाण्याचा योग आला. अशा समारंभात आम्हा पुरुष मंडळींचं काम म्हणजे बाहेरच्या खोलीत बसून पानं मांडली जाण्याची वाट पाहणं. ते करत असताना आतून आलेल्या भेटवस्तू माझ्यासमोरच्या टेबलावर रचल्या जात होत्या. त्यात एक मोठा खोका होता. पोटाला बांधायचा पट्टा, त्यात बसवलेले दोन छोटे स्पीकर आणि गर्भातल्या बाळाला ऐकवण्यासाठी श्लोक, वीणावादन व इंग्रजी मुळाक्षरं. खोक्यावर चष्मा लावलेल्या गुबगुबीत बाळाचं चित्र. त्याच्याखाली जवळच्याच एका बालवाडीचं गुळगुळीत माहितीपत्रक होतं. प्रवेश दीड वर्षापासून, जागा मर्यादित, नाव आजच नोंदवा. बाळ जन्माला यायला अजून अडीच महिने बाकी होते!

थोड्या वेळानं उत्सवमूर्ती स्वतःच बाहेर आली. हिरवी साडी, फुलांची वाडी, हातात धनुष्यबाण घेऊन फोटो काढून झालेले. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मामाआजोबा, जरा सरकता का? सकाळपासून टेकलेच नाहीये." मी खाली पाहिलं. तिची पावलं सुजून चपलेच्या पट्ट्यांतून वर आली होती.

बाळासाठी पट्टा आला, शाळेचं पत्रक आलं. पण बाळ जिच्या पोटात आहे तिला खुर्ची द्यायची कुणाला आठवण झाली नाही. तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतो आहे. मी डॉक्टर नाही, मानसशास्त्राचा अभ्यासकही नाही. आयुष्य बँकेत गेलं, उरलेला वेळ कादंबऱ्यांत. पण एका मुलाचा बाप म्हणून मी जी चूक केली तिच्यामुळे या विषयावरचं पुष्कळ वाचावं लागलं. त्या चुकीबद्दल पुढे सांगेन.

गर्भावरच्या संस्कारांचा विषय निघाला की आपल्याकडे अभिमन्यू येतोच. आपण लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टीत सुभद्रेला चक्रव्यूहाची हकिकत सांगताना मध्येच झोप लागते, म्हणून पोटातल्या बाळाचं व्यूहातून बाहेर पडण्याचं शिक्षण राहून जातं. गर्भाला सारं समजतं याचा पुरावा म्हणून ही गोष्ट सांगतात. मला मात्र आता तिच्यात वेगळंच दिसतं. दिवस गेलेल्या बाईला झोप येणारच. तिच्यासमोर युद्धशास्त्र सांगत बसणाऱ्याला ते कळायला नको होतं का?

गर्भाला ऐकू येतं, हे खरंच आहे. साधारण सहाव्या महिन्यात बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं. १९८० साली अमेरिकेत अँथनी डिकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी दाखवून दिलं की, अवघ्या दोन-तीन दिवसांची बाळं आईचा आवाज ओळखतात आणि परक्या बाईपेक्षा तो ऐकायला मिळावा म्हणून चोखण्याची लय बदलतात. पण हा आवाज त्यांनी कोणत्याही पट्ट्यातून ऐकलेला नसतो. आई भाजीवाल्याशी बोलते, बहिणीशी फोनवर हसते, आमटी ढवळताना गुणगुणते, तो आवाज तिच्याच शरीरातून बाळापर्यंत पोहोचलेला असतो. पोटावर यंत्र बांधायची गरज निसर्गाला कधी पडली नाही.

मोत्झार्टच्या संगीतानं बाळं हुशार होतात, हा समजही असाच. मूळ प्रयोग १९९३ सालचा. तो झाला छत्तीस महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर, आणि संगीत ऐकल्यावर एका प्रकारची कोडी थोडी बरी सुटली, तीही जेमतेम दहा-पंधरा मिनिटांपुरती. त्यात गर्भ नव्हता, बाळ नव्हतं. तरीही १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला संगीताची ध्वनिमुद्रिका देण्यासाठी सरकारी पैसे मागितले. भाबडेपणा काही आपलीच मक्तेदारी नाही.

मग गर्भाला लागतं तरी काय? पाठीचा कणा आणि मेंदू ज्या नळीतून घडतात ती गर्भधारणेनंतर पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. बहुतेक बायकांना तोवर दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. म्हणून फॉलिक ॲसिडची साधी गोळी मूल हवं असं ठरवल्यापासूनच सुरू करा, असं डॉक्टर सांगतात. ही गोळी पट्ट्यापेक्षा फार स्वस्त आहे. कदाचित म्हणूनच ती कुणी भेट देत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या अगदी घरची. १९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. त्या मुलांचा मागोवा पुढे अनेक वर्षं घेतला गेला. या गावांतली बाळं जन्मतः सरासरी पावणेतीन किलोच्याही किंचित खाली होती. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. पण नवल पुढेच आहे. आपली बाळं दिसायला किडकिडीत, स्नायू कमी. चरबी मात्र त्या मानानं फारशी कमी नाही. मोठेपणीच्या मधुमेहाचं बीज असं पाळण्याआधीच पडलेलं असू शकतं, हा विचार या अभ्यासानं जगापुढे ठेवला. आणि मोठी, निरोगी बाळं कोणत्या आयांना झाली? ज्यांच्या ताटात पालेभाजी, फळं आणि दूध अधिक होतं त्यांना. शेतातले आणि पाण्याच्या खेपांचे कष्ट ज्यांना जास्त पडले त्यांची बाळं लहान भरली.

म्हणजे संस्कार करायचेच तर ते आधी घरावर झाले पाहिजेत. सगळ्यांची पानं उठल्यावर उरेल ते खायची रीत बदलणं हा संस्कार. हंडा सासऱ्यानं किंवा नवऱ्यानं उचलणं हा संस्कार. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गर्भवती रक्तक्षयग्रस्त आढळल्या. वर्षातून एकदा हिरवी साडी नेसवून फुलांची वाडी भरल्यानं हा आकडा हलणार नाही.

बाळ जन्मलं की त्याच्या वाढीचे नियम डोळ्यांना दिसू लागतात. पहिला नियम आपल्या आज्यांना पुस्तक न वाचता ठाऊक होता. वाढ वरून खाली येते. आधी मान धरते, मग पालथं पडतं, मग बसतं, रांगतं, उभं राहतं आणि शेवटी पाऊल टाकतं. दुसरा नियम म्हणजे वाढ आतून बाहेर जाते. आधी खांदा वळतो, मग कोपर, मग पंजा, आणि सर्वांत शेवटी बोटांची टोकं. सहा महिन्यांचं बाळ समोरच्या चुरमुऱ्यावर अख्खा पंजा मारतं. दहाव्या महिन्याच्या आसपास तेच बाळ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत नेमका एक कण उचलतं. (आणि तो थेट तोंडात घालतं, म्हणून शेंगदाणे-फुटाणे तेव्हा दूरच ठेवावेत.) तिसरा नियम असा की क्रम सगळ्यांचा सारखा असला तरी गती ज्याची त्याची. शेजारच्या घरचं मूल अकराव्या महिन्यात चाललं आणि आपलं चौदाव्यात, तर त्यात हरण्याजिंकण्यासारखं काही नाही.

आपण हा क्रम ओलांडायला बघतो. जुना लाकडी पांगुळगाडा उभं राहता येऊ लागलेलं मूल स्वतःच्या पायांवर ढकलत असे. हल्लीच्या वॉकरमध्ये उभंही न राहणारं मूल लटकवून ठेवतात. त्यानं चालणं लवकर येत नाही, अपघात मात्र होतात. कॅनडानं २००४ पासून या वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली आहे. तीच तऱ्हा पाटी-पेन्सिलीची. मनगटातली छोटी हाडं जन्मतः नुसती कूर्चा असतात. ती सगळी घडायला शाळेची कैक वर्षं जातात. अशा हाताला तिसऱ्या वर्षी चार रेघांच्या वहीत अक्षरं गिरवायला लावतो आणि वर म्हणतो, "याला अभ्यासाची आवडच नाही." त्या वयाच्या हाताला कणीक मळायची असते, माती थापायची असते, मटार सोलायचे असतात. उद्याचं अक्षर त्यातूनच येणार आहे.

चौथा नियम माझ्या मते सर्वांत मोठा. मूल एकट्यानं वाढत नाही, ते उत्तरावर वाढतं. बाळ 'अंऽ' म्हणतं, आई 'काय गं सोनू?' म्हणते, बाळ पुन्हा 'अंऽ' म्हणतं. या देवाणघेवाणीतून मेंदूची जोडणी होत असते. जन्मतः मेंदूचं वजन मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव असतं. सहाव्या वर्षापर्यंत ते नव्वद टक्क्यांच्या घरात जातं. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी हसतखेळत बोलते. मग दोन मिनिटं चेहरा दगडासारखा ठेवून नुसती बघत राहते. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, ओरडतं, आणि शेवटी तोंड फिरवून रडू लागतं. समोर आई आहे, पण उत्तर नाही, हे त्याला सोसत नाही.

हा प्रयोग करायला आता प्रयोगशाळेची गरज उरलेली नाही. बाळाला मांडीवर घेऊन मोबाइलमध्ये डोकं घातलेला बाप कोणत्याही बागेत दिसेल. आणि बाळ जेवत नाही म्हणून त्याच्याच हाती मोबाइल दिला, तर दोन्ही बाजूंचे चेहरे बंद. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना पडदा दाखवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं. त्यामागचं साधं कारण हेच की चित्र बोलतं, पण उत्तर देत नाही.

'बुवा कुक' खेळताना आपल्याला वाटतं, बाळाला रमवतोय. खरं तर नजरेआड गेलेली वस्तू नाहीशी होत नसते, हा फार मोठा शोध बाळ त्या वेळी लावत असतं. आठव्या-नवव्या महिन्यात हा शोध लागला की आई दुसऱ्या खोलीत गेली तरी ते रडतं, कारण ती कुठेतरी आहे आणि आपल्याजवळ नाही, हे त्याला आता कळतं. परक्यालाही ते याच सुमारास ओळखू लागतं. घरात म्हणतात, नजर लागली. नजर लागलेली नसते, नजर उघडलेली असते.

आता माझी चूक. माझा मुलगा १९८८ साली झाला. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी पीककर्जाच्या फायली सांभाळत होतो. घर दूर होतं. शनिवारी अर्ध्या दिवसाचं काम संपवून एसटी पकडायची, सोमवारी पहाटे परत. बापालाही बाळंतपणाची रजा हवी, असं त्या काळी कुणी बोललं असतं तर अख्खी शाखा हसली असती, आणि मी सर्वांत मोठ्यानं. मुलगा नऊ महिन्यांचा असताना मला पाहून रडला, तर मी दुखावून दोन तास गच्चीवर जाऊन बसलो होतो. इतकी माझी समज.

त्याच सुमारास बायको एका शनिवारी म्हणाली, "अहो, हा आधी आवाज काढायचा, आता गप्प झालाय. मागून हाक मारली तर वळत नाही." मी म्हणालो, "मुलगे उशिरा बोलतात. मीही तीन वर्षांचा होईपर्यंत बोललो नव्हतो." माझ्या आईनं स्टीलचं ताट जमिनीवर आपटलं. मुलानं वळून पाहिलं. झालं, निकाल लागला! त्याला ताटाचा आवाज ऐकू आला नव्हता, फरशीचा हादरा जाणवला होता, हे आम्हाला पुढे कळलं. गावातल्या डॉक्टरांनीही, होईल सगळं ठीक, असंच सांगितलं. बायकोनं पुन्हा दोन-तीनदा विषय काढला, मी दर वेळी झटकला. मार्चअखेर होती, मग वसुली होती, मग बदली. मुलाच्या दोन्ही कानांत मोठा दोष आहे, हे निदान झालं तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता.

तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, "पहिल्यांदा शंका कधी आली?" बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "नवव्या महिन्यात." त्यानंतर त्या खोलीत जी शांतता पसरली ती मला अजून ऐकू येते.

पुढचं श्रेय सगळं तिचं. कानाला यंत्र लागलं. तिनं एकेक वस्तू तोंडासमोर धरून, ओठ दाखवून, दिवसातून शंभर वेळा शब्द म्हणत त्याला बोलतं केलं. आज तो एका वास्तुरचनाकाराकडे नकाशे काढतो, संसारात आहे, हसरा आहे. पण भाषेचा कान पहिल्या काही वर्षांतच घडतो. त्या वर्षांत जे ध्वनी त्याच्यापर्यंत पोहोचले नाहीत ते नंतर त्याला दुप्पट-तिप्पट कष्टानं मिळवावे लागले, आणि काही मिळालेच नाहीत. ते मी खर्च केले.

म्हणून गतीचा जो नियम वर सांगितला त्याला जोडूनच दुसरं वाक्य वाचायला हवं. गती निराळी असते, पण तिला मर्यादाही असते. दोन-तीन महिन्यांचं बाळ आपल्याकडे पाहून हसलं पाहिजे, चार-पाच महिन्यांत मान सावरली पाहिजे, नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसलं पाहिजे. वर्षाच्या आत बा-बा, दा-दा असे आवाज आणि नाव घेतल्यावर वळणं हवं, दीड वर्षापर्यंत चालणं, दोन वर्षांपर्यंत 'दूध दे' असे दोन शब्द जोडून बोलणं. यातलं काही राहिलं तर घाबरून जायचं कारण नाही, पण थांबायचंही नाही. बालरोगतज्ज्ञाकडे जावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून अंगणवाडीत येऊन मुलं तपासली जातात आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर केंद्रं आहेत. जन्मतःच कान तपासणारं छोटं यंत्रही आता अनेक रुग्णालयांत आहे. आणि घरातली बाई, आई असो, आजी असो की सांभाळणारी मावशी असो, "मला काहीतरी वेगळं वाटतंय" असं म्हणाली, तर तिचं म्हणणं हाच पहिला अहवाल समजावा.

हे सगळं शिक्षणतज्ज्ञांनाच कळतं आणि गरिबांना परवडत नाही, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं बोर्डीची आठवण करावी. १९४५ साली ताराबाई मोडक तिथे गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेऊ, या विचारातून अंगणवाडी उभी राहिली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत त्यांनी जे काम केलं त्यात परदेशी महागडी साधनं नव्हती. बिया, शिंपले, खडे, पानं, शेंगा होत्या. मोजायलाही त्याच आणि रांगोळी मांडायलाही त्याच. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची बालविकास योजना सुरू झाली तेव्हा अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज त्याच अंगणवाडीच्या सेविकेला आपण पगार देत नाही, 'मानधन' देतो. त्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविकांना संपावर जावं लागलं. ज्या वर्षांत माणूस घडतो ती वर्षं सांभाळणाऱ्या बाईची किंमत आपण किती करतो, ते यावरून कळतं.

बँकेत आयुष्य काढल्यामुळे लोक मला म्हणतात, "साहेब, मुलांवर लवकर केलेली गुंतवणूकच खरी, नाही का?" नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन यांनी लहान वयातल्या शिक्षणावरच्या खर्चाचा परतावा मांडून दाखवला आहे, आणि सरकारनं तो हिशेब जरूर वाचावा. घरात मात्र मला हा शब्द नको वाटतो. गुंतवणूक करणारा रोज भाव बघतो. शेजारच्याचा भाव वाढला की अस्वस्थ होतो, आणि शेवटी परतफेड मागतो. मुलाच्या नावानं असं पासबुक उघडलं की पट्टे येतात, पत्रकं येतात, आणि दीड वर्षाच्या बाळाच्या मुलाखती सुरू होतात. नव्या शैक्षणिक धोरणानं २०२० मध्ये पहिलीसाठी सहा वर्षांचं वय सांगितलं आणि तोवर खेळातून शिकवा म्हटलं. ताराबाईंनी ते कधीच करून दाखवलं होतं.

माझी नात आता दोन वर्षांची आहे. जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी रुग्णालयात तिचे कान तपासले, तेव्हा पाच मिनिटांच्या त्या तपासणीत मी बाहेरच्या बाकावर पसतीस वर्षं मागे जाऊन बसलो होतो. कान उत्तम निघाले. हल्ली संध्याकाळी ती माझ्या मांडीवर बसून एकेका वस्तूकडे बोट दाखवते आणि "काय?" विचारते. पंखा, खिडकी, कावळा, पुन्हा पंखा. मी प्रत्येक वेळी उत्तर देतो. तिचा बाप शेजारी बसून आमच्या दोघांच्या ओठांकडे बघत असतो.

डोहाळजेवणात त्या दिवशी मी खुर्ची दिली. पायांखाली तो पट्ट्याचा खोकाच आडवा ठेवला. उंची अगदी बेताची होती. मुलीनं पाय वर घेतले, डोळे मिटले आणि पाचच मिनिटांत तिला झोप लागली. कुणीतरी ओटी भरायला उठवायला आलं, त्यांना मी म्हणालो, झोपू द्या तिला.